शिलाईकडची बाजू

दात तपासायचा आरसा चहाच्या चमच्याहून लहान असतो. त्यात एका वेळी एकच दात मावतो. किंवा चार अक्षरं.

*

आमच्या घरी एक उशी आहे. तिच्यावर कुणीतरी लाल दोऱ्यानं एक वाक्य भरलंय. बाबा रोज त्या उशीवर बसतात. मुद्दाम.

*

गव्हाच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकला की कसर पानांच्या वाटेला जात नाही.

*

"ती दाढ वेळेवर उपटली असती, तर एक संसार वाचला असता." हे बाबा. विषय कुठलाही असो.

*

तळघराच्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत. चपला दिसतात, बूट दिसतात, पावसात छत्रीची टोकं दिसतात. मी माणसं टाचांवरून ओळखते.

*

आत्या म्हणते, आपल्या भाषेत नकार अगदी शेवटी येतो. म्हणून आपली माणसं बोलता बोलता समोरच्याचं तोंड बघत असतात. "तुझं गाणं मला आवडलं" इथवर यायचं, गाणारीचे डोळे भरलेत का बघायचं, आणि मग पुढचा शब्द बोलायचा की गिळायचा ते ठरवायचं.

*

हे सगळे तुकडे एकाच पुस्तकाचे आहेत. सुटे झालेत. सुटी पानं लावणं हेच माझं काम. लावते.

*

मी एका जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं दुरुस्त करते. वर वाचनालय, त्याच्या वर संचालकांची खोली, आणि सगळ्यात खाली मी, खळीचं भांडं, दाबाचं यंत्र आणि टीपकागदांची चळत. आत्या ही बाबांची थोरली बहीण. ती मला डिंक्या म्हणते, कारण लहानपणी मी तिला चिकटलेली असायचे. पुढे मी हा खळीचाच धंदा पत्करला तेव्हा म्हणाली, "तरी बरं, तुला वाळवी म्हणत नव्हते."

आत्यानं आपल्या वाङ्मयाचा इतिहास लिहिला. तीन जाड खंड. लोकांना त्यातलं एकच प्रकरण माहीत असतं: एका हरवलेल्या कादंबरीचं. त्या कादंबरीवर लेखिकेचं नाव नाही, नुसतं 'एका कुलस्त्रीनें रचिली' एवढंच छापलंय. जगात एकच प्रत उरलेली, आणि ती एका दातांच्या डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात. आत्यानं ती तिथे बसून वाचली आणि तिच्यावर लिहिलं. तोवर त्या पुस्तकाचं कुणी नावही ऐकलं नव्हतं. आत्यानं कादंबरीचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं दिलं:

*दाराची कडी काढलेली होती, वाट मोकळी होती, आणि तिनें घर सोडिलें.*

आपल्या कादंबऱ्यांतली घर सोडून जाणारी पहिली बाई. तिच्या आधीच्या नायिका एकतर मरत, नाहीतर माफ करत.

पुढच्या प्रत्येकानं आत्याचा कित्ता गिरवला. त्या वाक्यावर प्रबंध झाले, परिसंवाद झाले, एका परिसंवादात तर 'कडी' या शब्दावरून दोन प्राध्यापकांची जुंपली. मुलींच्या एका वसतिगृहाच्या जिन्यात ते वाक्य रंगवलेलं आहे, वर चढताना दर पायरीला एक शब्द. आमच्या उशीवर तेच आहे. आणि मी माझ्या डोळ्यांनी बायका पाहिल्यात, घरी यायच्या, आत्याचा हात धरायच्या, म्हणायच्या, "मी ते वाक्य वाचलं आणि बॅग भरली."

आत्यानंही भरली होती. घरात ती गोष्ट अशी सांगतात: आत्याची दाढ दुखायला लागली. ती डॉक्टरांकडे गेली. तिथे कपाटात पुस्तक दिसलं. वाचलं. शेवटच्या पानावर आली. उठली, घरी गेली, पिशवी भरली, नवऱ्याच्या घरातून चालती झाली.

ती नेमकी केव्हा निघाली हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. नवरा लाजेकाजेस्तव लोकांना सांगायचा, माहेरी गेलीय. माहेरी आम्ही समजायचो, सासरी आहे. आत्या दोन्हीकडे नव्हती. गावाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात खाट टाकून राहत होती. वर्षभर पत्ता लागला नाही. मग तिचा त्या पुस्तकावरचा लेख छापून आला, बाबांनी खालचा पत्ता वाचला, आणि तिला घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्याकडे, मागच्या खोलीत. लोकांनी लेख आणि पिशवी यांची गाठ मारली. आत्यानं ती कधी सोडवली नाही. भाषणांतून तर ती स्वतःच म्हणायची, "त्या बाईच्या मागोमाग मी निघाले." टाळ्या पडायच्या.

*

डॉक्टर वारले. त्यांच्या सुनेनं काचेचं कपाट आतल्या पुस्तकांसकट आमच्या ग्रंथालयाला देऊन टाकलं.

संचालकांना आम्ही पाठीमागे फीतसाहेब म्हणतो. फीत कापायला मिळेल अशी एकही संधी ते सोडत नाहीत, एकदा त्यांनी नव्या नळाची कापली होती. त्यांनी लगेच बेत ठरवला: कादंबरीची नवी आवृत्ती, मूळ प्रतीचं प्रदर्शन, आणि व्यासपीठावर आत्याचा सत्कार. पुस्तक माझ्याकडे खाली पाठवलं. साफ करा, दुरुस्त करा, छायाचित्रं काढण्याजोगं करा.

मी पुस्तकाभोवतीचं कापड सोडलं. लहानसं पुस्तक, पुठ्ठा मऊ पडलेला. ज्या पुस्तकाच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले ते माझ्या हातात होतं. मी हात धुतलेले असूनही परत धुऊन आले.

पहिली पानं उलटली. पुढचं पान उलटेना.

जुनी पुस्तकं अशी यायची. छापलेला मोठा कागद, म्हणजे फर्मा, घडी घालून शिवून टाकायचे, कडा कापायचे नाहीत. वाचणाऱ्यानं सुरी घेऊन घड्या फाडत जायचं. जिथवर घड्या फाडलेल्या, तिथवर पुस्तक वाचलेलं. साधा हिशोब.

मी बोट फिरवत गेले. पहिला फर्मा, दुसरा, तिसरा. शेवटपर्यंत. एकही घडी फाडलेली नव्हती. शेवटचं पान तर एखाद्या पाकिटासारखं तीन बाजूंनी बंद, फक्त खालून उघडं.

हे पुस्तक छापल्यापासून कुणीच वाचलेलं नव्हतं.

वरून करकरत बूट आले. फीतसाहेब. त्यांनीही बोट फिरवलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मग आत्याबाईंनी वाचलं कसं?"

मी परत एक घडी चाचपली.

"नाही, मी आपलं विचारतो. परवा निमंत्रणपत्रिका छापायला जाणार आहेत."

"मी विचारते तिला."

"हळूच विचारा. आणि तोवर," त्यांनी पुस्तकावर टीपकागद पांघरला, जणू त्याला थंडी वाजत होती, "कुणाला दाखवू नका."

घरी जाताना मला पायाखालचा रस्ता दिसत नव्हता. तीन खंड. जिन्यातल्या पायऱ्या. हात धरणाऱ्या बायका. आणि थापा?

*

आत्या खिडकीशी बसली होती. तिच्या डोळ्यांच्या मध्यभागी आता काळा डाग आहे. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. माझ्याकडे बघायचं झालं तर ती माझ्या कानाच्या बाजूला बघते.

"आत्या, त्या पुस्तकाची पानं कापलेली नाहीयेत."

"नसणारच. डॉक्टर कापू देईनात."

"मग तू वाचलंस कसं?"

ती अशी हसली की बाबा उशीवरून उठून बघायला आले.

"डिंक्या, माझी शिवणाची पेटी आण. तळाशी हात घाल."

तळाशी, बटणांखाली, एक लांब दांडीचा आरसा होता. दांडी पेन्सिलीहून बारीक, आणि तिच्या टोकाला नखाएवढी काच, वाकडी बसवलेली.

"डॉक्टर म्हणायचे, कापलेलं पुस्तक म्हणजे उपटलेला दात, परत बसत नाही. वाचायचं तर तसंच वाचा. म्हणजे पेशंटनं तोंड उघडायचं नाही आणि आपण दात तपासायचे! मग मी त्यांचाच आरसा मागितला. पानाची घडी खालून जरा फुगवायची, नळीसारखी. आत आरसा सरकवायचा. चार अक्षरं दिसायची, तीही उलटी."

"उलटी?"

"आरसाच तो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं. मग इतकी सवय झाली की सरळ पाट्या वाचता येईनात. अरे, तुझा पेपर दे इकडे."

तिनं बाबांच्या वर्तमानपत्राची नळी केली, आरसा आत घातला, आणि दाखवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला सगळं पाठ होतं. मनगट वळवायची, थांबायची, पुढे सरकायची. सगळा उन्हाळा ती त्या दवाखान्यात, दात दुखणाऱ्या माणसांच्या रांगेत बसून, एक अख्खी कादंबरी चार चार अक्षरांनी वाचत होती.

"आणि त्यातून काय मिळालं?" बाबा म्हणाले. "दाढ तशीच राहिली, नवरा गेला."

"दाढ नंतर काढली रे."

"तेच म्हणतो. आधी काढायची होती."

मी त्या रात्री गाढ झोपले. आत्या खरी होती. खरी म्हणजे किती खरी, कुणाच्या कल्पनेतही येणार नाही इतकी.

*

फीतसाहेबांच्या अंगात आलं. "आरसा! तो आरसाही प्रदर्शनात!" त्यांनी घड्या कापायला परवानगी दिली, आणि शेवटची घडी मी त्यांच्यासमोर कापावी म्हणून छायाचित्रकार बोलावला. मी हाडाची पट्टी घातली, कागद हलक्या आवाजात सुटत गेला. शेवटचं छापील पान डाव्या हाताचं होतं. खाली, शेवटच्या ओळीत:

*…वाट मोकळी होती, आणि तिनें घर सोडिलें*

इथे ओळ शिलाईत शिरत होती. पुस्तक आरपार टोचून शिवलेलं होतं, सुई वरून घालून खालून काढलेली, त्यामुळे आतली कड सगळीकडेच गिळली गेली होती. पूर्णविराम दिसत नव्हता. शिलाईत गेला असणार. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. फीतसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, छायाचित्रकारानंही वाजवल्या.

मी आत्याला फोन केला. "आहे गं वाक्य. जसंच्या तसं."

"मग काय, नसणार होतं?" ती म्हणाली, पण आवाज कापरा होता.

*

छायाचित्रं काढायची तर पान सपाट पडायला हवं. त्यासाठी शिलाई उसवावी लागते. माझं नेहमीचं काम. दोरा कापायचा, ओढून काढायचा, पानं एकेक सुटी करायची, ब्रशनं जुनी खळ भिजवून उचलायची.

आतली कड बाहेर येत गेली. डावीकडच्या प्रत्येक पानावर ओळींची शेवटची अक्षरं, इतकी वर्षं अंधारात राहिलेली, काळीभोर. मी गंमत म्हणून आत्याचा खंड शेजारी उघडून ठेवला. तिनं दिलेले उतारे पडताळत गेले. आरशातून तिला ही कड दिसणं शक्यच नव्हतं. जिथे शब्द अर्धवट राहिले तिथे तिनं अंदाजानं भरले होते, आणि काय सांगू, सगळे बरोबर. 'पाण्या' दिसलं तर 'पाण्याचा'. 'म्हणा' दिसलं तर 'म्हणाली'. एके ठिकाणी आख्खं 'परंतु' तिनं नुसत्या वाक्याच्या चालीवरून ओळखलं होतं. मी एकटीच तळघरात हसत होते.

शेवटचं पान सुटं झालं.

मी आधी हात मागे घेतले. मला वाटलं, मी काहीतरी फाडलं.

*

नाहीं.

*

पूर्णविरामासकट.

तोच खिळा, तीच शाई, ओळीच्या सरळ रेषेत. *आणि तिनें घर सोडिलें नाहीं.*

मी भिंग घेतलं. भिंगात शब्द मोठा झाला, एवढाच फरक पडला. मी दिवा दुसऱ्या बाजूला नेला. मी जिना चढून वर गेले, पाणी प्यायले, दोन माणसांशी पावसाबद्दल बोलले, खाली आले. शब्द होता. मी त्याच्यावर टीपकागदाची पट्टी ठेवली. बाई निघून गेली. पट्टी उचलली. बाई दारातच उभी. पट्टी ठेवली, गेली. उचलली, थांबली. किती वेळ मी हेच करत बसले होते कोण जाणे.

जिथे शब्द तुटला होता तिथे आत्याला कळलं होतं की काहीतरी गेलंय, आणि तिनं तो नेमका शोधला होता. इथे काहीच तुटलं नव्हतं. वाक्य पुरं होतं. पुऱ्या वाक्याच्या पुढे कोण काय शोधणार? तिनं आपल्या पदरचा एक पूर्णविराम घातला, बस्स.

करकर. फीतसाहेब जिन्यात.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग खुर्ची शोधली. तळघरात एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर पुठ्ठे होते, ते पुठ्ठ्यांवरच बसले.

"हे... असं कसं म्हणते ती लेखिका?"

"असं म्हणते."

"पण जिन्यात रंगवलंय!"

"हो."

त्यांनी बुटाच्या टोकाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कसर किती खाते हो साधारण? म्हणजे, एखादा शब्द?"

"साहेब."

"एकच शब्द. कडेचा. इतकी वर्षं नव्हताच तो, आता नसला तर कुणाचं काय जातं? आवृत्तीत पूर्वीसारखंच छापू. आत्याबाईंचं वय बघा. हा सत्कार आहे, पंचनामा नाही."

माणूस वाईट नाही. मीही तेच मनात म्हणत होते, फक्त मला कसर हे निमित्त सुचलं नव्हतं.

"छापायला केव्हा जाणार?"

"आत्याबाई सही करतील तेव्हा. त्या संपादक आहेत." ते उठले. जिन्यातून म्हणाले, "तिला सांगणार कोण?"

पहिल्यांदाच ते तिला 'तिला' म्हणाले.

*

मी आधी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, ते उशी डोक्यावर घेऊन नाचतील. ज्या पुस्तकानं बहिणीचा संसार मोडला ते पुस्तक मुळात उलटंच सांगत होतं, याहून मोठा विजय कुठला?

बाबा रेडिओ उघडून बसले होते. पेचकस हातात तसाच राहिला.

"म्हणजे ती बाई गेलीच नाही?"

"नाही."

"मग आमची कशाला गेली?"

त्यांनी एक स्क्रू घातला, काढला, परत घातला.

"ताईला सांगू नकोस."

"बाबा, तुम्हीच तर..."

"मी काय वाट्टेल ते बोलेन. भाऊ आहे मी तिचा. तू नको बोलूस." मग रेडिओकडे बघत, "काय राहील तिच्याकडे? डोळे गेले. तेवढं एक वाक्य होतं."

मागच्या खोलीतून आत्या ओरडली, "काय कुजबुजताय रे बापलेक? रेडिओ मेला वाटतं."

"नाही, जिवंत आहे!" बाबा ओरडले. आणि माझ्याकडे बघून हळूच: "बघितलंस? एवढंच बोलायचं असतं."

उशीवर लाल दोऱ्याचं वाक्य होतं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. भरणारीनं अक्षरं मोठी घेतली होती, 'सोडिलें' उशीच्या अगदी काठाला टेकलं होतं. पुढे जागाच नव्हती.

*

दोन दिवसांनी खिडकीत आत्याच्या चपला दिसल्या. शेजारी बाबांचे बूट. चपला भराभर येत होत्या, बूट मागे ओढत होते.

"सही करण्याआधी ऐकायचंय मला," ती जिना उतरता उतरताच म्हणाली. "आरशातून चार चार अक्षरं वाचलं ते. सलग कधी वाचलंच नाही. डिंक्या, शेवटचं प्रकरण वाच. मोठ्यानं."

बाबा दाराशी उभे राहिले आणि माझ्याकडे बघत मान हलवत राहिले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. फीतसाहेब जिन्यातच थांबले होते, मला त्यांचे गुडघे दिसत होते.

मी वाचायला लागले. ते प्रकरण लहान आहे. बाई दिवसभराचं काम आटोपते. भांडी जागेवर लावते, मुलाचं पांघरूण नीट करते. मग दारापाशी येते. आत्या ओठांनी माझ्यासोबत म्हणत होती. काही ठिकाणी माझ्या अर्धा शब्द पुढे.

"'दाराची कडी काढलेली होती,'" मी वाचलं.

"वाट मोकळी होती," आत्या म्हणाली.

"'आणि तिनें घर सोडिलें'"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्या कानाच्या बाजूला बघत हसत होती. बाबांची मान थांबली.

मला वाटलं, झालं. गिळला शब्द.

"पुढे?" आत्या म्हणाली.

"पुढे काय?"

"तू श्वास घेतलास. वाक्य संपलेलं माणूस श्वास सोडतं. पुढे काय आहे, डिंक्या?"

"ताई, चल आता, उशीर..."

"तू गप रे." हसू अजून चेहऱ्यावरच होतं, पण त्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. "कडेला आहे ना? शिलाईत? मला दिसली नव्हती ती बाजू. मी नेहमी म्हणायचे, पूर्णविराम तिथे असणार. काय आहे तिथे?"

मी पानावर तळहात ठेवला.

"पान दे."

मी तिचा हात धरून पालथ्या पानावर नेला. जुन्या छपाईत खिळे कागदात रुततात, मागून बोटाला कळतात. तिचं बोट शेवटच्या ओळीवरून सरकत गेलं. पालथ्या बाजूनं अक्षरं उलटी लागतात. उलटी अक्षरं तिला जन्माची पाठ.

बोट कडेशी आलं. थांबलं. मागे गेलं, परत आलं.

"'नाहीं' आहे," ती म्हणाली.

हात तिथेच ठेवून ती खाली बसायला लागली. बाबा धावले. पुठ्ठ्यांसकट खुर्ची त्यांनी तिच्याखाली सरकवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, टीपकागदासारखा. फीतसाहेब जिना उतरून आले आणि पाण्याचा म्हणून खळीचाच ब्रश बुडवलेला पेला पुढे केला. बाबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ताई. ताई, ऐक. एकच शब्द आहे गं. कसरसुद्धा..."

"किती जणी," आत्या म्हणाली.

आम्हाला कळलं नाही.

"किती जणी निघाल्या रे त्या वाक्यावर. आणि ते वाक्य नव्हतंच."

खिडकीतून कुणाच्या तरी सँडल टकटकत गेल्या. आत्या ऐकत होती. आवाज पार विरून जाईपर्यंत तिनं डोकं हलवलं नाही. मग ओठ हलले. ती ते वाक्य परत म्हणत होती, आतल्या आत, या खेपेला शेवटपर्यंत. दोनदा. तीनदा. तीन खंड लिहिणारी बाई एखादं वाक्य तपासते तशी.

"कडी काढलीय," ती म्हणाली. "वाट मोकळी आहे. आणि जात नाही." थोडं थांबून: "मेली माझ्याहून चांगलं लिहिते."

"काय?"

"माझं वाक्य सोपं होतं. हे अवघड आहे. सगळा जन्म मी त्याच्या आधीच थांबले." आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर तिथे पाहिलं नव्हतं. ओठ थरथरत होते, पण भुवया वर चढल्या होत्या, कुणीतरी मागून येऊन डोळे झाकल्यासारख्या. "अरे, पण म्हणजे तिनं सोडलंच नाही."

"नाही ना," बाबा रडवेले झाले होते.

"मग पहिली मीच की!"

बाबा बघतच राहिले. फीतसाहेबांच्या कोपराचा धक्का लागून टीपकागद पडले.

"सही कुठे करायची?" आत्या म्हणाली. "आणि साहेब, 'नाहीं' छापा. ठळक नको. इतर अक्षरांसारखंच छापा. जिन्यात अजून एक पायरी आहे ना वर? नसली तर बांधा. फीत कापायला मिळेल."

*

शुद्धिपत्र. आत्यानं सांगितलं, मी लिहून घेतलं:

शेवटचं पान, शेवटची ओळ.
अशुद्ध: सोडिलें.
शुद्ध: सोडिलें नाहीं.
आधीचा पूर्णविराम संपादिकेच्या पदरचा होता.

*

आणखी एक दुरुस्ती, हीही तिनंच सांगितली: आत्या नवऱ्याच्या घरातून निघाली तेव्हा हिवाळा होता. तिची दाढ दुखायला लागली ती पुढच्या उन्हाळ्यात.